मुभा की हक्क? चिनी उद्योजकांबद्दलची दोन मतं आणि एक राहून गेलेला प्रश्न



चीनमधल्या खासगी उद्योगाची गोष्ट आपल्याकडे बहुतेक वेळा एका वाक्यात सांगितली जाते. १९७८ मध्ये डेंग शियाओपिंग यांनी दार उघडलं आणि लोक धंद्याला लागले. ऐकायला सोपी गोष्ट आहे. पण यात कर्ता एकच आहे, तो म्हणजे सरकार. उद्योजक हा नुसता दाराबाहेर ताटकळत उभा असलेला माणूस. आज मला या गोष्टीची तपासणी करायची आहे. त्यासाठी दोन अभ्यासकांना समोरासमोर ठेवतो. एक यशेंग हुआंग, त्यांचं 'कॅपिटॅलिझम विथ चायनीज कॅरॅक्टरिस्टिक्स' हे पुस्तक २००८ चं. दुसरे निकोलस लार्डी, त्यांची दोन पुस्तकं, २०१४ चं 'मार्केट्स ओव्हर माओ' आणि २०१९ चं 'द स्टेट स्ट्राइक्स बॅक'. दोघंही चांगले अभ्यासक आहेत, आणि दोघांचं एकमेकांशी पटत नाही. अशा वेळी वाचणाऱ्याचा फायदा होतो.

आधी हुआंग. त्यांचं सगळ्यात मोठं काम एका शब्दाच्या उलगड्यात आहे. ऐंशीच्या दशकात चीनच्या खेड्यापाड्यांत लाखो छोटे उद्योग उभे राहिले. त्यांना सरकारी कागदात 'गाव-वस्तीचे उद्योग' असं नाव होतं. पाश्चात्त्य अर्थशास्त्रज्ञांनी हे वाचलं आणि थक्क झाले. म्हणाले, बघा, मालकी सार्वजनिक असूनही धंदा नफ्यात चालतो! यावर सिद्धांत रचले गेले.

आता मराठीत बघा. 'गावचा कारखाना' म्हटलं की त्याचे दोन अर्थ होतात. गावाच्या मालकीचा, किंवा गावात असलेला. हुआंग यांनी मूळ चिनी सरकारी कागदपत्रं उघडली आणि दाखवलं की १९८४ च्या व्याख्येत दुसरा अर्थसुद्धा होता. शेतकऱ्याने स्वतःच्या घरात टाकलेला धंदाही त्याच मोजणीत धरला जात होता. १९८५ मध्ये असे सुमारे १ कोटी २० लाख उद्योग होते. त्यांतले जवळपास १ कोटी निव्वळ खासगी होते! म्हणजे ज्याला जग समाजवादाचा चमत्कार म्हणत होतं, तो बराचसा साध्या माणसांनी पोटासाठी मांडलेला धंदा होता. खुद्द डेंग यांनीही १९८७ मध्ये एका परदेशी पाहुण्यापुढे कबूल केलं होतं की ग्रामीण उद्योगांची ही वाढ आम्हाला अपेक्षित नव्हती आणि तिचं श्रेय केंद्र सरकारचं नाही.

इथपर्यंत मी हुआंग यांच्याबरोबर आहे. पुढे ते जे चित्र काढतात, ते मात्र जरा जास्तच नीटनेटकं आहे. त्यांच्या मते ऐंशीचं दशक हे ग्रामीण उद्योजकाचं मोकळं दशक. नव्वदीत सत्ता शहरी नेत्यांकडे गेली, पैसा शांघायकडे वळला, परदेशी कंपन्यांना पायघड्या घातल्या गेल्या आणि देशी छोटा धंदेवाला मागे पडला. शांघायच्या चकचकाटाला भुलू नका, हा त्यांचा इशारा मोलाचा आहे. गावाकडच्या कर्जपुरवठ्याबद्दल ते जे दाखवतात, तेही खोडून काढणं अवघड आहे. पण ऐंशीचं दशक खरंच इतकं मोकळं होतं का?

वेन्झाऊ बघू. झेजियांग प्रांतातला हा किनारपट्टीचा भाग. शेतजमीन कमी, डोंगर जास्त, सरकारी गुंतवणूक जवळपास नाही. १९८० मध्ये इथल्या झांग हुआमेई या तरुण मुलीला वैयक्तिक व्यवसायाचा पहिला परवाना मिळाला. घराच्या दारात बसून ती बटणं आणि किरकोळ वस्तू विकायची. ही गोष्ट नेहमी सांगितली जाते. पण त्याच वेन्झाऊमधल्या लिउशी गावात दोन वर्षांनी काय झालं? तिथे विजेच्या सामानाचा धंदा जोरात होता. लोक कौतुकाने कुणाला स्क्रूचा राजा म्हणत, कुणाला जुन्या मालाचा राजा. असे आठ 'राजे' होते. १९८२ मध्ये त्यांच्यावर 'सट्टेबाजी आणि नफेखोरी'चा गुन्हा लागला. काही पकडले गेले, काही पळाले. १९८४ मध्ये त्यांना निर्दोष ठरवण्यात आलं. १९८९ नंतर पुन्हा वारं फिरलं आणि अनेक खासगी उद्योगांची नोंदणी संपली. मग हे दशक मोकळं कसं म्हणायचं? मी त्याला लहरी दशक म्हणेन.

दुसरी अडचण हुआंग यांच्या भाकिताची. २००३ मध्ये त्यांनी तरुण खन्ना यांच्यासोबत एक लेख लिहिला. भारत चीनला मागे टाकू शकेल का, असा प्रश्न होता. भारताकडे देशी उद्योजकांची फळी आहे, चीन परदेशी भांडवलावर चालतो, म्हणून पुढच्या शर्यतीत भारताला संधी आहे, असा त्याचा रोख होता. आपल्याकडे तो लेख आनंदाने वाचला गेला. साहजिक आहे! पण तेव्हा चीनची अर्थव्यवस्था डॉलरमध्ये भारताच्या तिपटीच्या आत होती, आज ती चौपटीहून जास्त आहे. एका भाकितावरून सगळा अभ्यास फेकून द्यायचा नसतो. पण नव्वदीनंतर चिनी खासगी उद्योजक दबला गेला असेल, तर ही वाढ कुणी केली, हा प्रश्न टाळता येत नाही.

इथे लार्डी येतात. त्यांची पद्धत मुनीमजींसारखी. भावना नाही, आकडे. 'मार्केट्स ओव्हर माओ'मध्ये ते उत्पादन, रोजगार, निर्यात, एकेक खातं उघडतात आणि दाखवतात की वाढीचा मोठा भार खासगी कंपन्यांनीच उचलला. सरकारी भांडवलशाही म्हणून चीनकडे बघणं त्यांच्या मते चूक. मग २०१९ चं पुस्तक आलं, आणि त्यात त्यांनीच सांगितलं की गाडी उलटी फिरली आहे. कंपन्यांना मिळणाऱ्या नव्या कर्जांत खासगी कंपन्यांचा वाटा २०१३ मध्ये सुमारे ५७ टक्के होता, तो २०१६ मध्ये ११ टक्क्यांवर आला. पाच वर्षांत आपलं चित्र आपणच बदलणं सोपं नसतं. लार्डी यांच्याबद्दल माझा आदर या दुसऱ्या पुस्तकामुळे वाढला.

तरी दोघांचीही एक मर्यादा आहे. दोघं मोजतात ते उद्योग. उद्योजक नावाचा माणूस रात्री झोपतो का, हे त्यांच्या तक्त्यात दिसत नाही.

तो माणूस दिसावा म्हणून न्येन ग्वांगज्यू यांची कथा सांगतो. आन्हुई प्रांतातलं वुहू शहर. हा माणूस निरक्षर. भाजलेल्या कलिंगडाच्या बिया विकायचा. सुधारणांच्या आधी धंदा केल्याबद्दल तुरुंगातही जाऊन आला होता. त्याच्या मालाचं नाव 'खुळ्याच्या बिया'. माल इतका खपला की माणसं ठेवावी लागली. आता, मार्क्सच्या 'कॅपिटल'मधल्या एका उदाहरणावरून तिथे असा अर्थ काढला गेला होता की सात माणसांपर्यंत तो कारागीर, आठवा माणूस ठेवला की भांडवलदार. १९८१ च्या नियमातही तीच मर्यादा होती, एक-दोन मदतनीस आणि जास्तीत जास्त पाच शिकाऊ उमेदवार. न्येन यांच्याकडे शंभराहून जास्त कामगार झाले. प्रश्न थेट डेंग यांच्यापर्यंत गेला. त्यांचं उत्तर होतं, थांबा, बघू या. १९८४ मध्ये त्यांनी सांगितलं की या माणसाला हात लावलात तर लोक बिथरतील.

वाचला बिचारा, असं वाटतं ना? पण त्याच वर्षी संरक्षण म्हणून त्याने स्थानिक सरकारी उद्योगाशी भागीदारी केली. याला चीनमध्ये 'लाल टोपी घालणं' म्हणतात. धंदा आपला, पाटी सरकारी किंवा सामूहिक मालकीची. आणि १९८९ मध्ये त्याच्यावर आरोप काय आला? सार्वजनिक पैशांच्या अपहाराचा! टोपी सरकारी, तर गल्ल्यातला पैसाही सरकारी. हा आरोप टिकला नाही, तेव्हा १९९१ मध्ये 'गुंडगिरी'च्या कलमाखाली शिक्षा झाली. १९९२ च्या दक्षिण दौऱ्यात डेंग यांनी 'खुळ्याच्या बिया'चं नाव पुन्हा काढलं आणि थोड्याच दिवसांत न्येन सुटले.

देशातल्या सर्वोच्च नेत्याने दोनदा नाव घेतलं म्हणून हा माणूस तरला. ज्याचं नाव कुणी घेतलं नाही, त्याचं काय? माझा आजचा मुद्दा एवढाच आहे. त्याला मिळाली ती मुभा होती, हक्क नव्हता. मुभा देणारा ती परत घेऊ शकतो. हक्कासाठी कुणाच्या मर्जीची वाट बघावी लागत नाही.

आता तुम्ही म्हणाल, कायदे तर झाले. झाले. १९८८ मध्ये घटनेत खासगी उद्योगाला 'पूरक' म्हणून जागा मिळाली, १९९९ मध्ये तो 'महत्त्वाचा घटक' झाला, २००४ मध्ये खासगी मालमत्तेला संरक्षण आलं. २००१ मध्ये जियांग झेमिन यांनी उद्योजकांना पक्षाचं दार उघडलं. पण पैशाच्या बाबतीत काय झालं? वेन्झाऊमध्ये छोट्या धंद्याचं भांडवल बँकेतून कमी आणि 'हुई'मधून जास्त आलं. हुई म्हणजे आपली भिशी. आपल्याकडे भिशी हा दुकानदारांचा, बायकांचा आपसातला व्यवहार आहे. तिथे ओळखीतला असाच व्यवहार वाढला की 'बेकायदा ठेवी गोळा करणं' या गुन्ह्याच्या हद्दीत जातो, आणि ती हद्द कधी कुणासाठी आखायची हे अधिकारी ठरवतात. हबेई प्रांतातले शेतीउद्योजक सुन दावू यांना २००३ मध्ये कामगार आणि गावकऱ्यांकडून ठेवी घेतल्याबद्दल शिक्षा झाली, ती स्थगित राहिली. २०२१ मध्ये इतर आरोपांसह पुन्हा शिक्षा झाली, १८ वर्षांची. आणि हे छोट्यांपुरतं नाही. जॅक मा यांनी ऑक्टोबर २०२० मध्ये शांघायच्या व्यासपीठावरून नियामकांवर टीका केली. नोव्हेंबरच्या सुरुवातीला, विक्रीला दोन दिवस उरले असताना, त्यांच्या अँट समूहाची शेअरविक्री थांबवली गेली. अँटच्या कर्जव्यवहारावर नियम हवेत, हे म्हणणं रास्त होतं. पण आधीपासून परवानगी असलेली गोष्ट भाषणानंतर दहा दिवसांत थांबते, तेव्हा बाकीचे उद्योजक त्यातून नियम शिकत नाहीत, गप्प बसायला शिकतात.

माझ्या मांडणीवरचा सगळ्यात जड आक्षेप मीच सांगतो. हक्क नसताना जर एवढी वाढ झाली, तर हक्कांची गरज काय? याचं उत्तर मला असं दिसतं. हक्काची जागा बराच काळ स्थानिक अधिकाऱ्यांच्या स्वार्थाने भरून काढली. गावात कारखाना चालला तर कर येतो, रोजगार वाढतो, बढती मिळते, म्हणून अधिकारीच धंद्याला पाठीशी घालत. ही सोय खरी होती आणि तिने काम केलं, हे हुआंग आणि लार्डी दोघांच्याही माहितीतून निघतं. पण तिची किंमत असते. धंदा मोठा दिसू नये म्हणून दडवावा लागतो. दहा वर्षांचा विचार करण्याऐवजी दोन वर्षांत पैसा काढून घ्यावासा वाटतो. आणि साहेब बदलला की लाल टोपीचा फास होतो.

एप्रिल २०२५ मध्ये चीनने खासगी अर्थव्यवस्थेच्या प्रोत्साहनासाठी स्वतंत्र कायदा मंजूर केला, तो २० मे पासून लागू आहे. त्याआधी फेब्रुवारीत शी जिनपिंग यांच्या बैठकीत जॅक मा पुन्हा दिसले. लगेच बातम्या आल्या, उद्योजकांचे दिवस परत आले. मला त्या बातम्यांची भाषा ओळखीची वाटली. कोण बैठकीला बोलावलं गेलं, कोण पहिल्या रांगेत बसलं, यावरून ज्या देशातला धंदेवाला आपलं भविष्य वाचतो, तिथे मुभेचाच कारभार चालू आहे असं समजावं. नव्या कायद्याची परीक्षा बैठकीत होणार नाही. वुहूसारख्या एखाद्या शहरात, ज्याचं नाव कुणी नेता घेणार नाही असा एखादा बियांवाला स्थानिक अधिकाऱ्याविरुद्ध कोर्टात जाईल आणि जिंकेल, तेव्हा ती होईल.

आपल्याकडे चीनचं कौतुक करणारे आणि चीनला नावं ठेवणारे असे दोन गट आहेत, आणि दोघंही सरकारकडेच बघत असतात. मी आज तुम्हाला बियांवाल्याकडे बघायला सांगितलं. हुआंग वाचा, लार्डी वाचा, दोघांना एकमेकांविरुद्ध वाचा. आणि प्रत्येक तक्त्याशी थांबून विचारा, यातला माणूस कुणाच्या मर्जीवर उभा आहे?

इथे थांबतो. आता प्रश्न घेऊ.