चूळ भरली, कोरड गेली, पण कशाने?

डायलिसिसवर असलेल्या वृद्धांच्या तोंडाची कोरड वनस्पतींच्या अर्काने चूळ भरल्यास कमी होते, असे सांगणारे प्रयोग अलीकडे प्रसिद्ध होत असतात. प्रश्न खरा आहे. लघवी जवळजवळ थांबलेल्या रुग्णाला पाणी, चहा, आमटी सारे धरून दिवसाला सुमारे एक लिटरच्या आत भागवावे लागते. जास्त प्यायलेले पाणी पुढच्या डायलिसिसपर्यंत अंगातच साठते आणि हृदयावर ताण येतो. न्हावऱ्याच्या (ता. शिरूर) उन्हाळ्यात हे पथ्य किती अवघड, ते सांगायला नको.

आमचा आक्षेप उपायाला नाही, पुराव्याला आहे. कोरड दोन तऱ्हांनी मोजतात. एक, रुग्णाला विचारून. दुसरी, ठरावीक वेळात जमलेली लाळ मोजून. स्वस्थ बसले असता मिनिटाला ०.१ मिलिलिटरहून कमी लाळ सुटली, तर ती कमी समजतात. ही दोन मापे नेहमी जुळत नाहीत. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या नेदरलँड्समधील अभ्यासात च्युइंगमने डायलिसिसच्या रुग्णांची तहान आणि कोरड कमी झाली. लाळेचे प्रमाण आणि दोन डायलिसिसमधली वजनवाढ मात्र बदलली नाही. बरे वाटणे हाही लाभच आहे. पण ‘लाळ वाढली’ हा निष्कर्ष त्यातून निघत नाही.

दुसरा मुद्दा तुलनेचा. एका गटाला अर्क दिला आणि दुसऱ्याला काहीच दिले नाही, तर गुण वनस्पतीचा, गारव्याचा, की नुसत्या पाण्याचा? तेवढ्याच गार, तशाच चवीच्या साध्या पाण्याशी तुलना केल्याखेरीज हे कळणार नाही.

तिसरा मुद्दा ‘वनस्पतीचे म्हणजे निर्धोक’ या समजुतीचा. ज्येष्ठमध पोटात गेल्यास त्यातील ग्लिसिरायझिनमुळे शरीरात मीठ व पाणी साठून रक्तदाब वाढू शकतो. कमरखाचे फळ तर मूत्रपिंडाच्या रुग्णांना घातक ठरते. त्यातील कॅरँबॉक्सिन हे मेंदूवर परिणाम करणारे विष २०१३ मध्ये ओळखले गेले. चूळ थुंकायची असली, तरी तहानलेला म्हातारा माणूस ती गिळणारच नाही, असे कोण सांगेल? म्हणून डॉक्टरांना विचारल्याशिवाय असा उपाय करू नये.

शिक्षकांनी हा विषय वर्गात जरूर घ्यावा. पुदिन्याच्या पाण्याची परीक्षा कशी घ्याल, तुलना कशाशी कराल, काय मोजाल, हे मुलांनाच ठरवू द्यावे. वर्तमानपत्रातला ‘गुणकारी’ हा शब्द ती मग सहज गिळणार नाहीत.