टी. टी. गेली, नाव राहिले

मुंबईच्या ट्रामविषयीच्या आठवणी आजही आवडीने सांगितल्या जातात. घंटेचा नाद, संथ गती, माफक भाडे यांची त्यांत रेलचेल असते. या स्मरणरंजनाविषयी आमची एक तक्रार आहे : त्यात प्रवासी आहे, श्रमिक नाही.

९ मे १८७४ रोजी मुंबईत घोड्यांची ट्राम सुरू झाली. कंपनीचे ठाणे कुलाबा कॉजवेवर होते आणि तिच्या तबेल्यात ९०० घोडे होते. कुलाबा ते पायधुणी भाडे ३ आणे. ७ मे १९०७ रोजी विजेची ट्राम आली, १९२० मध्ये दुमजली ट्राम आली आणि ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदरहून दादरला निघालेली गाडी अखेरची ठरली. कुलाब्याच्या त्या ठाण्याच्या जागी आता इलेक्ट्रिक हाउस आहे. उन्हात डबे ओढणारी जनावरे, त्यांना खरारा करणारे मोतद्दार, पुढील काळातील ड्रायव्हर व कंडक्टर यांच्या वाट्याला मात्र आठवणीतला कोपराही आला नाही.

दादर पूर्वेच्या खोदादाद सर्कलला लोक अजून ‘दादर टी. टी.’ म्हणतात. टी. टी. म्हणजे ट्राम टर्मिनस, हे किती जणांना ठाऊक असेल? नाव राहिले, अर्थ ओसरला.

त्याच दादरच्या पश्चिमेस ‘पोर्तुगीज चर्च’ आहे. १५९६ पासूनची परंपरा सांगणाऱ्या या चर्चची जुनी वास्तूही पाडली गेली. १९७०च्या दशकात चार्ल्स कोरिया यांनी तेथे मोकळी अंगणे असलेले नवे मंदिर रचले. पोर्तुगीज गेले, जुन्या भिंती गेल्या. परंतु मिस्सा चालू राहिली. म्हणून ते नाव पोकळ वाटत नाही. ट्रामच्या मागे असा वारसा सांभाळणारा समुदाय उरला नाही.

आपल्या धर्मग्रामांतही जुनी चर्चे उतरवून नवी बांधण्याचे प्रस्ताव येतात. प्रत्येक भिंत राखावीच, असा आमचा आग्रह नाही. मात्र पहिला घाव घालण्यापूर्वी ती कोणी बांधली, दगड कोणी वाहिले, वर्गणी कोणी दिली, हे वडीलधाऱ्यांना विचारून धर्मग्रामाच्या दप्तरी लिहून ठेवावे. वास्तू पाडणे कधी अपरिहार्य असते. तिच्यासाठी राबलेल्यांना विसरणे अपरिहार्य नसते.