खुनी कोण, हे आजीला माहीत असतं

आमच्या मुलुंड पूर्वेच्या घरात 'सीआयडी' कुणी रहस्यासाठी बघत नाही. खुनी कोण हे आजी अर्ध्यातच सांगते: जो न विचारता पोलिसांना मदत करतो, तो. बहुतेक वेळा तिचं बरोबर निघतं.

१९९८ साली सोनीवर सुरू झालेली बी. पी. सिंग यांची ही मालिका २०१८पर्यंत चालली. दीड हजारांवर भाग. शिवाजी साटमांची हवेत फिरणारी बोटं, दयानं तोडलेली दारं, डॉ. साळुंखेंच्या प्रयोगशाळेतली रंगीत पाणी. हसणं सोपं आहे; कॉलेजात असताना मीही मीम्स पाठवायचो.

मग आजोबा गेले, झोपेतच. रिपोर्टांची जाडजूड फाईल होती, पण 'असं अचानक का?' याचं उत्तर कुणाकडेच नव्हतं. तेराव्यानंतर आजीनं यूट्यूबवर जुने भाग लावायला सांगितले. पडद्यावरची प्रेतं तिला सोसणार नाहीत असं मला वाटलं होतं. पण ती निवांत बघत बसली. तिथे प्रत्येक मरणाला कारण असतं आणि ते तासाभरात सापडतं.

मालिकेची लबाडीही हीच. मेलेल्यासाठी तिथे कुणी धड रडत नाही. बायको रडली तर संशय तिच्यावरच. कोर्ट नाही, तारखा नाहीत, प्रद्युम्न परस्पर फाशी जाहीर करतात. दुःखाला वेळच दिलेला नाही, म्हणून तर ती जेवताना बघता येते.

डिसेंबर २०२४मध्ये मालिका परत आली. आजीनं दोन भाग पाहिले आणि म्हणाली, "जुना लाव रे एखादा." लावला. दार तुटायच्या आत तिनं खुनी सांगून टाकला होता.