जावा वेब-फॉर्ममधील नेस्टेड डेटा बाइंडिंग : एक चिकित्सा
सिंधी निर्वासितांच्या कल्याण छावणीला १९४९ मध्ये उल्हासनगर हे नाव मिळाले. तेथील पत्त्यात कॅम्प, बराक, खोली असे स्तर येतात. जावा फॉर्ममध्ये हेच ऑब्जेक्टच्या पोटातील ऑब्जेक्ट होय. स्प्रिंग फ्रेमवर्कमध्ये ‘पत्ता.बराक.खोली’ या मार्गातील एक नाव चुकले, तर डीफॉल्ट मांडणीत ती माहिती मुकाट्याने गाळली जाते आणि दोष विनाकारण डेटाबेसमध्ये शोधला जातो. अनोळखी फील्डकडे दुर्लक्ष करण्याची ही मुभा बंद केल्यास चूक तत्काळ उघड होते. २०२२ मधील ‘स्प्रिंग-फोर-शेल’ प्रकरणाने अनिर्बंध मार्गांचा धोका सिद्ध केला. म्हणून अनुमत फील्डची यादी आवश्यक ठरते. मात्र यादीतून निसटलेले फील्डही निःशब्दपणे गळते. अशा फील्डची नोंद बाइंडिंगच्या निकालात राहते. ती तपासल्याशिवाय सुरक्षितता व अचूकता एकत्र साधत नाहीत.