बंद कोळसाखाण आणि जमिनीचा धनी

कोळसाखाण बंद झाल्यावर तिच्या भूमीचे काय करावयाचे, हा प्रश्न सामान्यतः स्थापत्याचा म्हणून मांडला जातो. खड्डा भरावा, ढिगाऱ्यांचे उतार कमी करावेत, वर झाडे लावावीत, म्हणजे तो सुटला असे मानण्याकडे कल दिसतो. वस्तुतः त्याच्या मुळाशी स्वामित्वाचा प्रश्न आहे. ज्याची जमीन, त्याची शंका ऐकून घेण्यास कायदा बांधलेला आहे काय, आणि असल्यास कोणत्या क्षणी, ही खरी कसोटी होय.

अमेरिकेच्या १९७७ च्या भूपृष्ठ-खाणकामविषयक कायद्याने हा क्षण अचूक हेरला आहे. खाणचालकाने ठेवलेली अनामत त्यास परत मिळण्याची वेळ, तोच तो क्षण. त्यापूर्वी वृत्तपत्रांत सलग चार आठवडे जाहिरात द्यावी लागते. हितसंबंधी व्यक्तीस लेखी हरकत घेऊन सुनावणी मागता येते. जागेच्या पाहणीच्या वेळी भूपृष्ठाच्या धन्यास हजर राहता येते. भूमी सपाट करून निचऱ्याची व्यवस्था झाल्यावर ६० टक्क्यांपर्यंत रक्कम सुटू शकते. तथापि, वनस्पती रुजल्याची जबाबदारी पाच वर्षे, आणि कमी पर्जन्याच्या प्रदेशात दहा वर्षे, चालकावरच राहते.

या कायद्याचा सर्वांत मार्मिक भाग उत्तम प्रतीच्या शेतजमिनीसंबंधी आहे. तेथे मातीचे थर वेगवेगळे काढून, वेगवेगळे राखून, त्याच क्रमाने पुन्हा पसरावे लागतात. इतकेच नव्हे, तर आसपासच्या त्याच जातीच्या, न खणलेल्या जमिनीत समान मशागतीने जेवढे पीक येते, तेवढे पीक या जमिनीत आल्यावाचून अनामत पूर्णपणे मोकळी होत नाही. येथे प्रमाण मानले आहे ते अभियंत्याचे दाखले नव्हेत, तर पीक. शेतकऱ्याची शंका शेतकऱ्याच्याच परिभाषेत सोडविण्याचा हा प्रकार विरळा म्हटला पाहिजे.

अर्थात हा कायदा निर्दोष नाही. काही राज्यांनी मोठ्या कंपन्यांस केवळ त्यांच्या आर्थिक पतीवर, स्वतःच स्वतःस जामीन राहू दिले. २०१५ आणि २०१६ मध्ये अल्फा, आर्च व पीबॉडी या कंपन्या एकामागून एक दिवाळखोरीत गेल्या, तेव्हा त्या पतीचा पोकळपणा उघड झाला. अनामतच खरी नसेल, तर हरकतीचा हक्क कोरडाच राहतो.

भारतात प्रश्न निराळ्या ठिकाणी अडतो. १९५७ च्या कोळसाधारक क्षेत्र कायद्यान्वये संपादित जमीन सर्व बोजांतून मुक्त होऊन शासनाकडे, व पुढे शासकीय कंपनीकडे, निहित होते. सातबाऱ्यावरून नाव उतरले की खाण बंद होण्याच्या वेळी 'जमीनमालक' म्हणून बोलण्यास कोणी उरतच नाही. २००९ च्या खाणबंदीविषयक मार्गदर्शक तत्त्वांनी कोळसा नियंत्रकाच्या नावे विशेष खाते उघडून त्यात पैसे भरण्याची सक्ती केली, हे पाऊल निःसंशय स्वागतार्ह. पण प्रारंभीचा दर उघड्या खाणीस हेक्टरी ६ लाख आणि भूमिगत खाणीस १ लाख रुपये असा, म्हणजे खाणीच्या प्रकारावर ठरलेला होता. जमिनीच्या कसावर नव्हे. वर्धा खोऱ्यातील काळी कापसाची जमीन आणि खडकाळ माळ यांत या हिशेबाने भेद उरत नाही. शिवाय त्या तत्त्वांत दर पाच वर्षांनी ८० टक्क्यांपर्यंत रक्कम परत मिळण्याची सोय होती, त्यामुळे अंतिम बंदीच्या वेळी, म्हणजे धन्याने बोलावयाच्या नेमक्या वेळी, दबावाचे साधन क्षीण होत असे.

२०१३ च्या भूसंपादन कायद्यातील १०१ व्या कलमात पाच वर्षे विनावापर राहिलेली जमीन मूळ मालकास किंवा शासनाच्या भूमिकोशाकडे परत करण्याची तरतूद आहे. ती खणून झालेल्या जमिनीस लागू पडत नाही. आणि १९५७ चा कायदा तर त्या कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत, अपवादांमध्ये बसविलेला आहे. नुकसानभरपाईच्या तरतुदी पुढे त्यासही लागू झाल्या, पण भरपाई आणि परतावा या भिन्न गोष्टी होत.

एप्रिल २०२२ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने कोळसा काढून झालेल्या अशा जमिनींच्या वापराचे धोरण मंजूर केले. मालकी कंपनीकडेच ठेवून वीज, रुग्णालय, वनीकरण आदी कामांसाठी त्या ठरावीक मुदतीने पट्ट्याने द्याव्यात, असे त्यात म्हटले आहे. पडून असलेल्या जमिनीवर अतिक्रमण होते, हे त्यामागील एक कारण. ज्यास अतिक्रमण म्हटले जाते, त्यातील एखादा नांगर मूळ धन्याचाही असू शकेल, ही शक्यता मात्र धोरणाच्या दृष्टिपथात आलेली दिसत नाही.