तत्त्वज्ञानाचं डायरेक्ट सेकंड इयर

दहावीनंतर डिप्लोमा, तीन वर्षांनी इंजिनिअरिंगला ‘डायरेक्ट सेकंड इयर’. आमच्या काळाचौकीतल्या निम्म्या घरांना हा रस्ता तोंडपाठ आहे. मीही त्याच रस्त्यानं आलो आणि आता सॉफ्टवेअर लिहून पोट भरतो. या पद्धतीत एक मोठा शहाणपणा आहे. तुम्ही खालच्या वाटेनं आलात तरी तिथे शिकलेलं वाया जात नाही, वरचा वर्ग ते जमेस धरतो.

अमेरिकेत ही सोय फक्त इंजिनिअरिंगपुरती नाही. तिथे गावोगावी कम्युनिटी कॉलेजं आहेत. दोन वर्षं कमी फीमध्ये शिका आणि मग विद्यापीठात जा. कॅलिफोर्नियानं तर १९६० साली उच्च शिक्षणाचा आराखडा आखतानाच हा जिना त्यात बसवला. वेल्डिंग शिकवणाऱ्या कॉलेजातच ‘तत्त्वज्ञानाची ओळख’ हा कोर्सही असतो, आणि त्याचे क्रेडिट विद्यापीठात धरले जातात. आपल्याकडेही यूजीसीनं २०१३च्या सुमारास कम्युनिटी कॉलेजांची योजना आणली, पण तिचा भर कौशल्यांवर, म्हणजे हाताला काम मिळवून देण्यावर. गिरणगावाला ही विभागणी जुनीच आहे. व्हीजेटीआय १८८७ साली भायखळ्याला सुरू झालं आणि १९२३ साली माटुंग्याला गेलं. गिरण्यांना लागणारं तंत्र शिकवणारी संस्था गिरण्यांच्या शेजारी उभी राहिली. यंत्र कसं चालतं हे शिकायची सोय झाली. यंत्र कशासाठी चालवायचं, हा प्रश्न विचारायचा असेल तर तो दुसऱ्या कुणाच्या तरी वस्तीत.

मला तत्त्वज्ञानात एम.ए. करायचंय. त्यामुळे गेली दोन वर्षं मी हा रस्ता उलट्या बाजूनं तपासतोय. कॉलेजात न जाता, नोकरी सांभाळून, मराठीतून एखाद्याला तत्त्वज्ञानाचं ‘पहिलं वर्ष’ करायचं असेल तर त्याच्या हाताला काय लागतं? आणि जे लागतं, ते त्याला दुसऱ्या वर्षाच्या दारापर्यंत नेतं का? अशा वाचकाला मराठीत कांट तीन ठिकाणी भेटू शकतो. त्या तीन भेटींबद्दल हे लिहितोय.

पहिली भेट अभ्यासिकेत. २०१३पासून यूपीएससीच्या मुख्य परीक्षेत नीतिशास्त्राचा स्वतंत्र पेपर आला आणि कांट, मिल, अ‍ॅरिस्टॉटल ही मंडळी झेरॉक्सच्या गठ्ठ्यांतून आमच्या भागात राहायला आली. या नोट्सना नाकं मुरडणं सोपं आहे. पण अभ्युदय नगरच्या पोराच्या टेबलावर कांट पोचवण्याचं काम विद्यापीठानं केलेलं नाही, या नोट्सनी केलंय. शिवाय या पेपरचे जवळजवळ निम्मे गुण केस स्टडीला असतात. ‘तुम्ही जिल्हाधिकारी आहात, एका बाजूला नियम आहे, दुसऱ्या बाजूला माणूस. काय कराल?’ हा प्रश्न अस्सल आहे.

दोष आहे तो उत्तराच्या घडणीत. नोट्समधला कांट ही एक चिठ्ठी असते: ‘कर्तव्यवादी’. मिलवर दुसरी: ‘उपयुक्ततावादी’. दीडशे शब्दांच्या उत्तरात दोन्ही चिकटवायच्या आणि शेवटी ‘समतोल साधावा’ म्हणायचं. पण खोटं बोलून एखाद्याचा जीव वाचत असेल तरी बोलू नये, असं कांट म्हणतो तेव्हा तो समतोल साधत नसतो. तो अडून बसलेला असतो. तो का अडून बसला हे समजून घेणं म्हणजे तत्त्वज्ञान, आणि नेमकं तेच या नोट्समधून गळतं.

दुसरी भेट विंदा करंदीकरांकडे. ‘अष्टदर्शने’ हे त्यांचं २००३ सालचं पुस्तक. देकार्त, स्पिनोझा, कांट, हेगेल, शोपेनहॉएर, नीत्शे, बर्गसाँ आणि चार्वाक अशा आठांचा विचार त्यात ओवी-अभंगाच्या वळणानं मांडलाय. ज्या छंदात आपल्या आज्यांनी दळण दळलं, त्या छंदात हेगेल बसवायचा, ही हिंमत विंदांनीच करावी. त्यांनी अ‍ॅरिस्टॉटलचं काव्यशास्त्र मराठीत आणलं होतं आणि ‘अमृतानुभव’ही आजच्या मराठीत आणला होता. दोन्ही काठ ओळखीचे असलेला नावाडी होता तो. आठांतला एकच भारतीय, आणि तोही वेद नाकारणारा चार्वाक, ही निवड तर एक सबंध निबंध आहे.

तरीही पहिल्या वर्षाचं पुस्तक म्हणून ‘अष्टदर्शने’ वाचताना मला दोन जागी अडायला होतं.

एक, या आठांत ह्यूम नाही. त्यानं आपली झोप उडवली, असं कांटनं स्वतःच लिहून ठेवलंय. ह्यूमचा प्रश्न माझ्या धंद्यातल्या माणसाला लगेच कळेल. एखादी टेस्ट हजार वेळा पास झाली, म्हणून हजार-एकाव्या वेळी ती पास होईलच, हे तुम्ही कशाच्या आधारावर म्हणता? ‘आजवर झाली म्हणून’ हे उत्तर चालत नाही, कारण तोच तर प्रश्न आहे. कार्यकारणाच्या पायाखालची जमीन ह्यूमनं काढून घेतली आणि कांटनं ती नव्यानं घातली. ह्यूमला वगळून कांटकडे गेलं की प्रश्नपत्रिका न बघता आदर्श उत्तरपत्रिका वाचल्यासारखं होतं. अक्षर सुंदर, मांडणी सुंदर. पण विचारलं काय होतं?

दोन, ओळखीच्या सुराचा धोका. स्पिनोझा देव आणि निसर्ग एकच मानतो. हे अभंगाच्या वळणात ऐकलं की मराठी कान लगेच मान डोलावतो: अरे, हे तर आपलंच अद्वैत! पण स्पिनोझानं ‘एथिक्स’ भूमितीसारखं लिहिलंय. व्याख्या, गृहीतकं, विधान, सिद्धता. तुम्ही मान डोलवावी अशी त्याची अपेक्षा नाही. एखादी पायरी चुकली असेल तर दाखवा, असं तो म्हणतोय. अभंग हा साक्षीचा छंद आहे. ‘मी अनुभवलं, म्हणून सांगतो’ हा त्याचा पाया. सिद्धतेचा पाया वेगळा. म्हणून या पुस्तकातून स्पिनोझाबद्दल प्रेम वाटतं, पण त्याच्याशी भांडायला काही हाती लागत नाही.

अभंगात भांडता येत नाही, असा याचा अर्थ नाही. तुकोबा तर थेट विठ्ठलाशी भांडतात. विंदांनी या पुस्तकात दर्शन घडवायचं ठरवलं, वाद घालायचा नाही. कवी म्हणून तो त्यांचा हक्कच. प्रश्न आपल्यासारख्या वाचकांचा आहे. आपण दर्शन घेतो आणि अभ्यास झाला असं समजतो.

तिसरी भेट मे. पुं. रेगे यांच्याकडे. दादरच्या कीर्ती कॉलेजची ख्याती आज बाहेरच्या वडापावमुळे जास्त असेल, पण त्याच कॉलेजात रेगे तत्त्वज्ञान शिकवत आणि पुढे ते तिथे प्राचार्यही झाले. त्यांचं ‘पाश्चात्त्य नीतिशास्त्राचा इतिहास’ हे पुस्तक वाचायला जड आहे, हे आधीच सांगतो. वाक्यं लांब आहेत. ‘विधायक’, ‘सोपाधिक’ अशा शब्दांशी झटावं लागतं. १९७४ सालचा दे. द. वाडेकरांचा तीन खंडांचा ‘मराठी तत्त्वज्ञान महाकोश’ हाताशी असला तर बरं. पण रेगे एक गोष्ट करतात जी नोट्स करत नाहीत आणि कवितेनं करावी अशी अपेक्षाही नाही. समोरच्याचं म्हणणं ते आधी त्याच्या सगळ्यात भक्कम रूपात उभं करतात आणि मगच त्यावर आक्षेप घेतात. कुठलं विधान कुठल्या विधानावर उभं आहे हे दिसतं. मला हे कोड रिव्ह्यूसारखं वाटतं. चांगला रिव्ह्यूअर ‘आवडलं नाही’ म्हणत नाही. अमुक इनपुट दिलं तर तुमची चौथी ओळ कोसळते, हे दाखवतो. रेग्यांच्या पानांतून ही सवय लागते, आणि दुसऱ्या वर्षाच्या दारात हीच लागणार असते.

मग रेगे वाचले की झालं? नाही. पुस्तक तुमचा रिव्ह्यू करत नाही. इथे नारायण सुर्व्यांचं नाव निघणं अटळ आहे. ‘माझे विद्यापीठ’ (१९६६) हा संग्रह याच गिरणगावानं मराठीला दिला, आणि तेव्हापासून ‘रस्ता हेच विद्यापीठ’ हे आपण फार सहज म्हणायला लागलो. ज्यांना खरं विद्यापीठ मिळालं, ते तर जास्तच सहज म्हणतात. स्वतः सुर्वे मात्र शाळेत शिपायाची नोकरी करता करता परीक्षा देऊन शिक्षक झाले. रस्त्यानं काय शिकवलं हे त्यांना ठाऊक होतं, आणि प्रमाणपत्राशिवाय दार उघडत नाही हेही.

कागदावर आता जिना आहे. क्रेडिट साठवणारी अ‍ॅकॅडमिक बँक आहे. २०२१च्या यूजीसी नियमांनुसार एखाद्या अभ्यासक्रमाचे ४० टक्क्यांपर्यंत क्रेडिट ‘स्वयम्’वरच्या ऑनलाइन कोर्सनं मिळवता येतात. फोनवर तत्त्वज्ञानाची व्याख्यानं ऐकत मी कॉटन ग्रीनहून कुर्ल्यापर्यंत जातो, पाच स्टेशनांत एक व्याख्यान अर्धं होतं. पण व्हिडिओला मी मध्येच ‘थांबा, हे पटलं नाही’ म्हणू शकत नाही. आणि व्हिडिओही मला ‘तुझं म्हणणं टिकत नाही’ असं सांगू शकत नाही.

१९४६ साली बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं सिद्धार्थ कॉलेज काढलं, तेव्हा नोकरी करणाऱ्या मुलांसाठी वर्ग सकाळी ठेवले. मला ते वेळापत्रक फार महत्त्वाचं वाटतं. कामगारानं पुस्तक वाचावं एवढंच म्हणून ते थांबलं नाही. त्याच्या सवडीच्या वेळी समोर एक शिक्षक उभा असला पाहिजे, असं त्या वेळापत्रकानं मानलं. कम्युनिटी कॉलेजचा गाभा हाच आहे: फी आणि क्रेडिट नंतर, आधी तुमच्या वेळेला तुमचं म्हणणं खोडणारा माणूस.

मराठीत पहिल्या वर्षाचं जे पुस्तक मला हवंय, ते अजून माझ्या हाताला लागलेलं नाही. त्यात विंदांची भाषा असेल, रेग्यांची शिस्त असेल, आणि प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी अभ्यासिकेतल्या केस स्टडीसारखा एक प्रश्न असेल. फक्त ‘समतोल साधावा’ या उत्तराला शून्य गुण. ते येईपर्यंत तिन्ही पुस्तकं एकत्र वाचायला हरकत नाही, पण क्रम बदलून. आधी ह्यूमचा प्रश्न स्वतःला नीट टोचू द्या. मग रेगे. विंदा शेवटी, तोवर त्यांच्याशीही दोन हात करता येतील. आणि शक्यतो एकट्यानं वाचू नका. मान न डोलावणारा एक तरी मित्र सोबत घ्या.