एका रसिकाची साप्ताहिक वही

विनोद आणि खेळ या दोन विषयांवर गंभीरपणे लिहू इच्छिणाऱ्यास आपल्याकडे आधी थोडी क्षमायाचना करावी लागते. न. चिं. केळकरांनी १९०८ साली 'सुभाषित आणि विनोद' हा ग्रंथ लिहिला, आणि विनोद हा केवळ उपभोगाचा नसून विचाराचाही विषय आहे हे दाखवून दिले. त्यास शंभराहून अधिक वर्षे लोटली. तथापि हसणे आणि खेळणे यांची नोंद आपण अद्यापि फुरसतीच्या खात्यातच करतो. प्रस्तुत लेखकही या दोषापासून मुक्त नाही. किंबहुना या लेखास त्या दोषाची कबुली हेच निमित्त झाले आहे.

सुमारे पंचवीस वर्षांपूर्वी पिंपरी-चिंचवडमध्ये माझ्या वर्गात बसणाऱ्या एका विद्यार्थ्याने 'मला आवडलेली कलाकृती' या विषयावर दूरदर्शनवरील एका विनोदी मालिकेसंबंधी निबंध लिहिला होता. मी तो लाल शाईने परत केला. 'करमणूक आणि वाङ्मय यांतील भेद प्रथम समजून घ्यावा,' असा शेराही मारला. हेच गृहस्थ आज चाकणच्या एका कारखान्यात यंत्रावर देखरेख करतात. गेल्या दिवाळीत ते घरी आले आणि त्यांनी एक जाडजूड वही माझ्यापुढे ठेवली. 'सर, शेरा अजून ध्यानात आहे. पण वही वाचावी,' एवढेच ते म्हणाले. ती वही मी दोनदा वाचली. तिचे परीक्षण करणे मला माझे कर्तव्य वाटते.

वहीचा आरंभ २०१४ च्या पावसाळ्यातील आहे. त्या वर्षी जुलैच्या अखेरीस व्यावसायिक कबड्डीची 'प्रो कबड्डी लीग' सुरू झाली, आणि ऑगस्टमध्ये झी मराठीवर 'चला हवा येऊ द्या' हा कार्यक्रम. दोहोंवर दर आठवड्यास पान-दोन पाने लिहावयाची असा नेम या गृहस्थांनी केला आणि तो आजतागायत पाळला. परंतु त्यांचा आठवडा तुमच्याआमच्यासारखा रविवारी संपत नाही. पाळी बदलते तेव्हा तो संपतो. म्हणून प्रत्येक नोंदीच्या माथ्यावर तारखेशेजारी 'पहिली', 'दुसरी' किंवा 'रात्र' असा शब्द आढळतो. प्रथमदर्शनी हा तपशील मला निरर्थक वाटला. पुढे ध्यानात आले की, वहीतील सर्वांत मोलाचे निरीक्षण यातूनच निघाले आहे. रात्रपाळीच्या आठवड्यात ते आदल्या रात्रीचा कार्यक्रम सकाळी, घरातील मंडळी शाळा-कचेरीस गेल्यावर, एकटेच मोबाइलवर पाहतात. एके ठिकाणी ते लिहितात : 'गेल्या महिन्यात सर्वांबरोबर पाहिला तेव्हा पोट धरून हसलो होतो. आज तोच प्रवेश एकट्याने पाहिला, ओठही हलले नाहीत. विनोद बिघडला की मी?'

या प्रश्नाचे उत्तर वहीत नाही, पण त्याचा माग मात्र आहे. २०१८ साली सोनी मराठीवर 'महाराष्ट्राची हास्यजत्रा' सुरू झाली. तिच्या नोंदींत या गृहस्थांनी टिपले आहे की, नटाने वाक्य टाकले की छायाचित्रणयंत्र लागलीच परीक्षकांच्या मुखाकडे वळते आणि ते खदखदून हसताना दिसतात. एकट्या प्रेक्षकास सोबत मिळावी म्हणून ही योजना असेल. परंतु हसावे की न हसावे याचा निर्णय त्यामुळे आपल्या हातून अलगद काढून घेतला जातो. हसणे हे मत देण्यासारखे आहे. दुसऱ्याने दिलेले मत आपल्या नावावर जमा होऊ नये.

येथे मला 'चिमणराव-गुंड्याभाऊ'ची आठवण होते. सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात मुंबई दूरदर्शनवर ही मालिका लागे, आणि आम्ही मुले शेजाऱ्यांच्या घरी सतरंजीवर बसून ती पाहत असू. दिलीप प्रभावळकरांचा चिमणराव आणि बाळ कर्वे यांचा गुंड्याभाऊ माझ्या पिढीच्या मनावर कोरले गेले आहेत. मूळ लेखक चिं. वि. जोशी हे बडोद्यास पालीचे प्राध्यापक. त्यांच्या चिमणरावाचे मर्म हे की, आपण हास्यास्पद आहोत याची त्यास गंधवार्ताही नसते. आपल्या फजितीची हकीकत तो सरकारी अहवालाच्या गांभीर्याने सांगतो. आजच्या प्रवेशांतील पात्रास मात्र आपण विनोदी आहोत हे पुष्कळदा आधीच ठाऊक असते, आणि ते तसे ठाऊक असल्याचे आपणांस डोळ्याने खुणावतेही. जेथे नट हे भान विसरतो तेथे हे कार्यक्रमही उंची गाठतात. वहीकाराने समीर चौघुले यांच्याविषयी लिहिताना त्यांच्या हातवाऱ्यांपेक्षा वाक्यापूर्वी ते जे क्षणभर थांबतात त्याची तारीफ केली आहे. ही दृष्टी खऱ्या रसिकाची होय.

'थांबणे' हा शब्द वहीत कबड्डीच्या नोंदींतही वारंवार येतो, आणि तेथे तो अधिकच अर्थपूर्ण आहे. ज्या बडोद्यात चिं. वि. जोशी अध्यापन करीत, तेथेच १९२३ साली हिंदविजय जिमखान्याने या खेळाचे नियम छापून सामने भरविले. त्या जुन्या खेळात चढाईचे माप घड्याळ नव्हते, दम होता. श्वास पुरेल तोवर चढाई, दम सुटला की गडी बाद. आता चढाईस तीस सेकंदांची मर्यादा आहे. दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीत गुण मिळवावाच लागतो, नाही तर चढाई करणारा बाद. पाहणाऱ्याचा कंटाळा टळावा हा या नियमाचा उद्देश उघड आहे, आणि तो साधलाही आहे. मातीतला खेळाडू त्यामुळे घरोघर नावाने ओळखला जाऊ लागला, त्याच्या कौशल्यास मोल आले, हा लाभ लहान नव्हे. परंतु दमाची जागा घड्याळाने घेतली की खेळाची जातच थोडी पालटते. चाकणच्या यंत्रशाळेत सेकंदांच्या हिशेबाने काम करणाऱ्या माणसास हे आपणाहून लवकर उमगावे यात नवल नाही. 'तिथेही घड्याळ, इथेही घड्याळ,' अशी एका रात्रपाळीची संपूर्ण नोंद आहे.

हे गृहस्थ पुणेरी पलटणचे एकनिष्ठ चाहते आहेत. १७ डिसेंबर २०२२ रोजी अंतिम सामन्यात पलटण जयपूरकडून २९-३३ अशी हरली. त्यावर वहीत चार पाने आहेत. १ मार्च २०२४ रोजी हैदराबादेस अस्लम इनामदारच्या नेतृत्वाखाली पलटणने हरियाणास २८-२५ असे नमवून प्रथमच अजिंक्यपद मिळविले. त्यावर केवळ एक ओळ : 'जिंकलो. झोप लागली नाही.' टीकाकाराच्या दृष्टीने मला ती चार पाने अधिक आवडली. पराभवात त्यांनी कारणे शोधली आहेत. विजयात मनुष्य कारणे शोधत नाही.

निष्ठेची किंमत या गृहस्थांनी आधीही मोजली आहे. गहुंज्याचे क्रिकेट मैदान त्यांच्या निगडीच्या घरापासून फार दूर नाही. पुण्याचा एक संघ २०११ ते २०१३ या काळात खेळून नाहीसा झाला. दुसरा २०१६ मध्ये आला, २०१७ चा अंतिम सामना मुंबईविरुद्ध अवघ्या एका धावेने हरला आणि ठरलेली दोन वर्षे भरताच विसर्जित झाला. मैदान तेथेच उभे आहे. 'कंत्राट संपले,' असे मागील वर्षांचे स्मरण करताना वहीत लिहिले आहे, आणि त्याखाली कंत्राटाची मुदत संपून त्याच सुमारास घरी गेलेल्या एका सहकाऱ्याचा उल्लेख आहे. दोहोंमधील संबंध त्यांनी विशद केलेला नाही. मीही करीत नाही.

दोष सांगावयाचे तर ते पुष्कळ आहेत. 'जबरदस्त' हा एकच शब्द प्रत्येक पानावर चार वेळा येतो. गुणांच्या बेरजा इतक्या आहेत की, कित्येक सामन्यांच्या नोंदी वाण्याच्या हिशेबासारख्या भासतात. आवडले ते का आवडले हे सांगण्याची सवय अजून पुरती लागलेली नाही. तथापि एका नोंदीने हे सारे दोष माझ्या दृष्टीने भरून काढले. पुरुषाने लुगडे नेसून यावयाचे आणि तेवढ्यावरच हशा पिकवावयाचा, ही युक्ती अशा कार्यक्रमांत नित्याची झाली आहे. वहीकार तिला वर्षानुवर्षे हसत आले. एके दिवशी त्यांच्या कन्येने विचारले, 'बाबा, यात हसण्यासारखं नेमकं काय आहे?' त्यांनी प्रश्न लिहून ठेवला आणि पुढे लिहिले : 'उत्तर सापडले नाही. पुढच्या खेपेस हसू आले नाही.' ज्या महाराष्ट्रात बालगंधर्वांच्या स्त्रीभूमिका पाहून कुलीन स्त्रिया त्यांच्या वेशभूषेचे अनुकरण करीत, तेथे तोच वेश आज केवळ थट्टेचा विषय का व्हावा, हा प्रश्न मी वर्गात कधी विचारला नव्हता. तो एका शाळकरी मुलीने विचारला, आणि तिच्या पित्याने आपल्या आवडीविरुद्ध टिपून ठेवला.

ग्रंथाचा टीकाकार एकदा वाचतो आणि निर्णय देतो. दर आठवड्यास त्याच नटाकडे, त्याच संघाकडे परतणाऱ्या रसिकास आपला निर्णय पुनःपुन्हा तपासावा लागतो. जुनी युक्ती केव्हा शिळी झाली हे त्यालाच प्रथम कळते. आपल्या घरोघरी रोज कितीतरी तास पाहिले जाते आणि विसरले जाते. पाहणारे कुटुंब आठवड्यातून एकदा एकत्र बसून 'आपण का हसलो?' एवढे जरी एकमेकांस विचारील, तरी अभिरुचीच्या शिक्षणाचा पाया घातला जाईल, असे माझे मत झाले आहे.

असो. वही परत करताना त्यांनी विचारले, 'सर, याला वाङ्मय म्हणता येईल का?' मी म्हणालो, 'वाङ्मय अद्याप नव्हे. पण टीका मात्र सुरू झाली आहे. आणि तो जुना शेरा चुकीचा होता.' ते काहीसे संकोचले. दुसरी पाळी होती आणि कंपनीच्या बसची वेळ झाली होती. वही पिशवीत घालून ते निघाले.